पल्याडचा आंबा

आम्ही तिघे भावंडे: दोघे भाऊ आणि मधली बहीण. दादीच्या तोंडून 'पल्याड' हा शब्द आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला की ते एखाद्या गावाचे नावच असावे, असे आम्हाला वाटायचे. पल्याडची नाचणी, पल्याडचा फणस, पल्याडचा पाऊस. कराडच्या आमच्या घराचे पत्रे पावसात वाजू लागले की दादी म्हणायची, "ह्यो कसला पाऊस! पल्याड लागला की आठ-आठ दिस चुलीपासनं हलाय मिळायचं न्हाई."

पल्याड म्हणजे कोयना नदीच्या पलीकडे, हे आम्हाला शाळेतल्या भूगोलाने सांगितले. ते पल्याड आता धरणाच्या पाण्याखाली आहे, हे कळायला आणखी काही वर्षे गेली. महाबळेश्वरला उगम पावणारी ही नदी हेळवाकजवळ अडवली गेली. 1964 साली धरण पूर्ण झाले आणि मागे सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा शिवसागर जलाशय उभा राहिला. आजमितीला त्यात 105 टीएमसी पाणी मावते. तेच पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणच्या बाजूला, पोफळीला सोडतात आणि वीज तयार करतात. परीक्षेत हे सगळे आम्ही बरोबर लिहिले, गुणही मिळवले. पण त्या पाण्याखाली दादीची चूल आहे, हे कोणत्याही उत्तरात लिहायचे नव्हते.

दादी पंधराव्या वर्षी लग्न होऊन त्या गावात गेली. गावात मुलाण्याचे घर एकच, ते आमचे. जत्रेला बकरे कापायचा मान आमच्या घराचा. त्याबद्दल सुगीला खळ्यावरून बलुते यायचे. बाकी भाताची दोन खाचरे, डोंगरावर नाचणी-वरी आणि दोन म्हशी. पाणी चढण्याआधी लोक उठले. कोणी सरकारने दिलेल्या जमिनीवर गेले, कोणी नातेवाइकांकडे. दादा आणि दादी कराडला आले. दादांनी आधी मंडईत हमाली केली, मग सायकल दुरुस्तीचे दुकान टाकले. आमचे अब्बा कराडलाच जन्मले. ते दुकान आज अब्बा चालवतात.

यंदा परीक्षा संपल्यावर थोरल्याच्या मुलीने हट्ट धरला. तिला तंबूत राहायचे होते. वय 12 वर्षे. मैत्रिणी जाऊन आल्या होत्या म्हणे. आमच्यातल्या धाकट्याच्या डोक्यात बरेच दिवस वासोटा होता. एप्रिलच्या शेवटी बामणोलीला तलावाकाठी दोन रात्री राहायचे आणि मधल्या दिवशी होडीने पलीकडे जाऊन जंगलातून किल्ल्यावर चढायचे, असे ठरले. रात्री जेवताना हे बोलणे चालले होते, तेव्हा दादी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाली, "म्या बी येती."

दादीचे वय 82. गुडघे दुखतात, जिना चढता येत नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिले. थोरली भाभी म्हणाली, "मी राहीन दादींसोबत तंबूपाशी. तुम्ही चढा डोंगर." अब्बांनाही चला म्हटले, तर त्यांनी दुकानाचे कारण सांगितले. मग जरा थांबून म्हणाले, "पाण्यात काय बघायचं?"

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून गाडी कासच्या पठारावर आली. 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात पश्चिम घाटाच्या ज्या जागा घेतल्या गेल्या, त्यांत कास आहे आणि कोयनेचे अभयारण्यही आहे. पावसाळ्याच्या अखेरीस हे पठार फुलांनी भरून जाते. एप्रिलमध्ये मात्र सगळीकडे तपकिरी कातळ आणि वाळके गवत. साताऱ्यापर्यंत एकसारखी बोलणारी दादी कासच्या पुढे गप्प झाली. उतार सुरू झाला आणि एका वळणावर झाडांच्या फटीतून खाली पाणी दिसले. धाकट्याने गाडी बाजूला घेतली. दादी काचेतून बराच वेळ बघत राहिली. मग एकच शब्द बोलली, "एवढं?"

तेव्हा आमच्या लक्षात आले की दादीने हे पाणी कधी पाहिलेच नव्हते. ती निघाली तेव्हा खाली नदी होती. तिच्या मनात गेली साठ वर्षे त्या खोऱ्यात नदीच वाहत होती.

बामणोलीत ज्यांच्याकडे आम्ही उतरलो ते तिथलेच. काठावरच्या उतारावर त्यांनी सहा तंबू लावले होते. जेवण ते देतात, पण कोंबडी आम्ही घरून कापून, मसाला लावून नेली होती. त्यांनी तीन दगडांची चूल आणि सरपण दिले. एप्रिलमध्ये पाणी बरेच खाली जाते. तंबूंपासून पाण्यापर्यंत लाल मातीचा चढउतार उघडा पडला होता. पाणी जसजसे उतरले तशा त्यावर पायऱ्यांसारख्या रेघा उमटल्या होत्या. आम्ही वुजूला खाली गेलो तर पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतले. नमाजला उभे राहिलो, तेव्हा समोर पश्चिमेला पाणी, पाण्यापलीकडे काळपट जंगल आणि त्यावर सह्याद्रीची रांग होती. दादी खुर्चीवर बसून नमाज पढली. सलाम फेरल्यावरही ती त्या रांगेकडे बघत होती. आम्ही तिच्याशी बोलायला गेलो नाही. खरे सांगायचे तर आमचे लक्ष चुलीवरच्या रश्शाकडे होते.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर वनखात्याची परवानगी घेऊन आम्ही होडीत बसलो. तिघे भावंडे आणि थोरल्याची लेक. अंगात जीवरक्षक जाकिटे, पाठीवर पाणी आणि भाकरी-चटणीचे डबे. होडीला दीड तास लागतो. पाणी आरशासारखे स्थिर होते. होडीवाले काका आमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे. वाटेत ते हाताने दाखवत होते, "इथं खाली अमकं गाव. तिथं तमकं. त्या वळणावर देऊळ होतं." धाकटा छायाचित्रे काढत होता. आम्ही 'हो का?' म्हणत होतो. काकांनी आणखी दोन गावे सांगितली आणि मग तेही गप्प झाले.

होडी किल्ल्याच्या पायथ्याला लागली. तडकलेल्या गाळावरून चढून वर गेले की वनखात्याची चौकी आहे. हे अभयारण्य 1985 साली झाले आणि 2010 पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. म्हणून इथे मुक्काम करता येत नाही आणि दिवस मावळायच्या आत परतावे लागते. वनरक्षकाने आमच्या पिशव्या उघडून प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुडे मोजले, वहीत आकडा लिहिला. म्हणाला, "येताना एवढंच दाखवायचं. आपलं काही ठेवायचं नाही आणि इथलं काही न्यायचं नाही."

चौकी सोडली आणि दहा पावलांत ऊन संपले. झाडी इतकी दाट की वाटेवर कवडसेच तेवढे पडत होते. वाळलेल्या पानांचा थर पायाखाली कुरकुरत होता. कुठेतरी वर शेकरू ओरडले. ती तांबडी मोठी खार आम्ही मान वर करकरून शोधली, पण शेपटीचा झुबका तेवढा दिसला. वाटेच्या कडेला गव्याचे खूर उमटले होते, एकेक तळहाताएवढा. एक ओढा ओलांडला. पुढे चढ उभा होत गेला. आमच्यातल्या थोरल्याला धाप लागू लागली. आमची बहीण मात्र सगळ्यांच्या पुढे. शाळेत असताना तिला सहलीला पाठवायला घरी दहा वेळा विचार व्हायचा. तीच आता वळून आमच्या थोरल्याला म्हणत होती, "भाईजान, पाणी प्या. सावकाश या."

शेवटी कारवी आणि करवंदांच्या जाळ्या लागल्या, मग गवत, मग पायऱ्या आणि पडका दरवाजा. वर मारुतीचे बिनछपराचे देऊळ आहे, पाण्याची टाकी आहेत. 1818 मध्ये इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून हा किल्ला घेतला होता. त्या जुन्या वासोट्याच्या बाजूला बाबूकडा आहे. कड्याच्या काठाशी पोटावर झोपून आम्ही खाली पाहिले. खाली सरळ भिंत आणि तळाला जंगल. पश्चिमेकडे कोकण धुरकट दिसत होते, पूर्वेला शिवसागर चकाकत होता. "सुब्हानल्लाह" हा शब्द त्या वेळी वेगळा आठवावा लागला नाही.

उतरताना घात झाला. होडीची वेळ गाठायची म्हणून धाकट्याने एक जवळची वाट धरली. ती वाट नव्हतीच, गव्यांची मळण होती. पंधरा-वीस मिनिटे गेल्यावर झाडीत एक सपाट जागा लागली. दगडाचे चौकोनी जोते, त्यावर मोठमोठी झाडे उगवलेली. पुढे एकाखाली एक रचलेल्या दगडी ताली, म्हणजे कधीकाळची शेते. थोरला वैतागला होता, आमची बहीण घड्याळ बघत होती. आम्हाला फक्त मुख्य वाट हवी होती. पोरगी मात्र जोत्यापाशी उभी राहिली. "चाचू, इथे कोणाचं तरी घर होतं," ती म्हणाली. "हो हो, चल," आम्ही म्हणालो. तिचा हात धरून ओढ्याच्या आवाजाच्या रोखाने आम्ही खाली उतरलो आणि अल्लाहच्या मेहेरबानीने वाट सापडली.

चौकीवर वनरक्षकाने बाटल्या मोजल्या. मग पोरीची बंद मूठ पाहून विचारले, "हातात काय?" तिने मूठ उघडली. झाडाखाली पडलेली एक कैरी होती. "दादीअम्मासाठी," ती म्हणाली. आम्हाला वाटले, एका कैरीने काय होते, सोडून देईल. त्याने सोडले नाही. पण तो रागावलाही नाही. "बाळा, ती इथं टाक. आजीला सांग, झाड अजून आहे." तिने कैरी चौकीमागच्या झुडपात ठेवली. होडीत बसल्यावर ती बराच वेळ तळहाताला लागलेला चीक पुसत होती.

मगरिबनंतर चुलीपाशी बसून आम्ही दादीला छायाचित्रे दाखवली. बाबूकडा, पायऱ्या, आमचे घामेजलेले चेहरे. दादीने भ्रमणध्वनी डोळ्यांपासून लांब धरून ती पाहिली आणि परत दिला. मग विचारले, "वाटंला वढा लागला का?"

"लागला की."

"पाणी व्हतं का त्येला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. ओढा ओलांडताना पाय ओले झाले होते का, तेही कोणाला आठवेना.

"आंबं व्हतं का? कैऱ्या केवढ्या झाल्यात?"

आम्हाला सांगता येईना. सहा तास आम्ही त्या जंगलात चाललो होतो आणि त्यातले आम्हाला फक्त कड्याचे टोक माहीत होते.

"सात होते," पोरगी म्हणाली. "एका ओळीत. जंगलात झाडं ओळीत कशी उगवतील, म्हणून मी मोजले. कैऱ्या एवढ्या," तिने अंगठा आणि बोट जोडून दाखवले. "ओढ्याला पाणी होतं, पण थोडं. आणि दादीअम्मा, त्या घराच्या मागे एक दगड होता, मधोमध गोल खड्डा पाडलेला."

"उखळ," दादी म्हणाली. "भात कांडायचं. तुटलं व्हतं का?"

"नाही. त्यात पानं भरली होती."

दादीने तिला जवळ ओढून घेतले. ते घर दादीचे नव्हते. दादीचे गाव तिथून बरेच लांब, खोऱ्यात खाली होते. पण उखळ तसेच, आंब्याची ओळही तशीच. बांधावर आंबे लावायची रीत सगळ्या खोऱ्यात होती. मग चुलीतले निखारे सारत दादी हळूच म्हणाली, "आमचा एक आंबा वढ्याच्या कडंला व्हता. त्येच्याखाली माजी पोरगी हाय."

आम्हाला आधी कळलेच नाही. भाभीला कळले. तिने दादीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

अब्बांच्या आधी दादीला एक मुलगी झाली होती. चाळीसावा दिवस जेमतेम उलटला आणि पावसाळ्यात तिला ताप आला. नदीला पूर, पलीकडे वैद्य, होडी जाईना. दोन दिवसांत ती गेली. गावात आमचे एकच घर, मग कबरस्तान कुठले? दादांनी आपल्याच जमिनीच्या कडेला, पाणी साचणार नाही अशी जागा पाहून आंब्याखाली कबर खणली. कफनाला घरात नवे कापड नव्हते, म्हणून दादांचा धुतलेला फेटा फाडला. जनाजाला दादा आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघेच उभे राहिले. "गावची समदी माणसं त्यांच्या मागं हुबी व्हती," दादी म्हणाली, "टोप्या काढून, पावसात. त्यास्नी काय म्हाईत न्हाई काय म्हणायचं, पर हुबी व्हती."

"अब्बांना माहीत आहे?" थोरल्याने विचारले.

"त्येला कशाला? त्यो आला तवा आमी कराडात व्हतो. तुमचं दादा म्हणालं, मागचं मागं ऱ्हाऊ दे." दादीने पदराने डोळे पुसले नाहीत. ती फक्त एवढेच म्हणाली, "मला एवढंच बगायचं व्हतं, पाणी तितवर चढलं का न्हाई."

त्या रात्री आम्ही फारसे झोपलो नाही. तंबूच्या कापडावर वारा फडफडत होता. ज्याला आम्ही दिवसभर रान रान म्हणत होतो, त्यात आमची एक फुफी होती.

सकाळी थोरला होडीवाल्या काकांकडे गेला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि आधी अडचण सांगितली. तो भाग अभयारण्याचा आहे, काठाला उतरता येणार नाही. "पण पाण्यातून नेतो," ते म्हणाले. दादीला आम्ही खुर्चीसकट उचलून होडीत ठेवले. जीवरक्षक जाकीट तिच्या नऊवारीवर चढवताना पोरगी हसली, दादीही हसली.

जागा कशी सापडणार, हा आमचा प्रश्न होता. पाण्यावर कसली खूण? दादी मात्र पाण्याकडे बघतच नव्हती. ती वर, डोंगराच्या कडेकडे बघत होती. "आमच्या दारातनं दोन डोंगरांमधली खिंड दिसायची. मधोमध. तिच्यातनं सुर्व्या मावळायचा." गाव बुडते, डोंगराची कड बुडत नाही, हे आम्हाला तेव्हा समजले. काकांनी होडी हळू केली. दादी हाताने खुणावत होती, "आजून पुढं. आजून. आता जरा आल्याड." आणि मग दोन डोंगर बाजूला सरकल्यासारखे झाले आणि मधली खिंड बरोबर समोर आली. "हितं," दादी म्हणाली.

काकांनी यंत्र बंद केले. एकदम शांतता. समोर काठावर लाल मातीचा पट्टा, त्यावर जंगलाची कड. एका घळीतून ओढा उतरत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आंब्याची झाडे दिसत होती, चार-पाच तरी. त्यांतले दादीचे होते की नाही, देव जाणे. साठ वर्षांत झाडे पडतात, नवी उगवतात. ते पाण्याच्या वरच्या बाजूला असेल किंवा आपल्या होडीखालीही असेल. थोरल्याने तसे बोलायला तोंड उघडले आणि मिटले. दादीनेच उत्तर दिले, "आसंल, नसंल. वढा तर हाय."

तेवढ्यात झाडीतून एक गवा बाहेर आला. काळा, धिप्पाड, गुडघ्यापर्यंत पांढरे पाय. तो लाल मातीवरून सावकाश उतरला आणि ओढा जिथे तलावाला मिळतो तिथे मान घालून पाणी प्यायला लागला. आमचा श्वास अडकला. दादी म्हणाली, "आमची म्हसरं बी तितंच पाणी प्यायची." तिच्या आवाजात राग नव्हता. वर्षानुवर्षे रिकाम्या असलेल्या आपल्या घरात कोणीतरी नीट नांदत आहे असे कळल्यावर माणूस बोलेल, तशी ती बोलली.

मग दादीने हात उचलले. आम्हीही उचलले. आम्ही काय मागितले ते इथे लिहायची गरज नाही. काकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती. हात खाली आले तेव्हा ते पाण्याकडे बघत म्हणाले, "आजी, माझ्या आज्याची जागाबी हितं खालीच हाय." येताना त्यांनी पुन्हा गावे सांगायला सुरुवात केली. या खेपेला आम्ही एकेक नाव विचारून घेतले. पोरीने वही काढून ती लिहिली.

घरी परतलो त्या रात्री अब्बा दुकान बंद करून आले. हाताला ग्रीस तसेच. दादीने त्यांना स्वतःजवळ बसवले आणि आम्हाला बाहेर जायला सांगितले. आम्ही ओट्यावर बसून राहिलो. अर्ध्या तासाने अब्बा बाहेर आले आणि नळावर बराच वेळ हात धूत राहिले. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "पावसाळ्याआधी होडी चालू असते ना?"

अब्बांना घेऊन आम्ही पुन्हा जाऊ, इन्शाअल्लाह. पावसाळ्यात जंगल बंद असते आणि ऑक्टोबरपर्यंत ते उघडत नाही, म्हणून मे महिन्यातच. तुम्हीही सुट्टीत कोयनेच्या काठी किंवा अशा एखाद्या जलाशयाकाठी गेलात, तर जरूर चाला. अंगभर कपडे, पायांत चांगली पकड असणारे बूट, माणशी दोन-तीन लिटर पाणी आणि दिवस मावळायच्या आत परतण्याचा हिशोब एवढे केले की बायकामुलांनाही ही वाट जमते, आमच्या बहिणीने आणि पोरीने ते दाखवून दिले. धाकट्यासारखी जवळची वाट मात्र शोधू नका. जंगलातून काही आणू नका, कैरीसुद्धा नाही. आणि निघण्याआधी घरातल्या वयस्कर माणसाला एकदा विचारा की तिकडे काय बघून येऊ. आम्ही विचारले नव्हते. ओळीत उभे असलेले सात आंबे आमच्यातल्या एका बारा वर्षांच्या पोरीला दिसले. आम्हा मोठ्यांना ते दिसायला दादीचे तीन प्रश्न लागले.